खोडलेलं तपासायचं नाही

"लांजेवार, हे ऐका. वाटाड्या मरता मरता भाषण देऊन राहिला!"

माझ्या शेजारी बसलेले भोयर सर पेपर हातात धरून हसत होते. हसताना त्यांचं पोट टेबलाला लागायचं आणि माझी लाल शाईची बाटली हलायची. मी ती बाजूला सरकवली.

विद्यापीठाच्या सभागृहात आमचं तपासणीचं शिबिर चालू होतं. बी.ए. फायनलचा इंग्रजीचा पेपर. मे महिना, छताला चार पंखे, त्यातले दोन चालू. आम्ही बावीस जण लांबच लांब टेबलांवर बसलेलो, प्रत्येकासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. पेपरावरचा नाव-नंबराचा कोपरा दुमडून चिकटवलेला, म्हणजे कोणाचा पेपर कोणाकडे आला ते कळू नये. शिवाय स्वतःच्या कॉलेजचा गठ्ठा स्वतःकडे येत नाही, याची काळजी घेतलेली असते. नियम चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही.

"ऐका ना," भोयर म्हणाले. "धबधब्यावर मारामारी होते, वाटाड्याला गोळी लागते, नायक त्याला मांडीवर घेतो. मग हा गडी म्हणतो, ही भूमी तुझीही आहे आणि माझीही आहे. आणि डोळे मिटतो. काय कल्पना आहे बाप्पा पोरांची!"

मी हसलो नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलंच नव्हतं. वाटाड्या धबधब्यावर मरतो, नायकाच्या मांडीवर मरतो आणि नेमकं तेच वाक्य म्हणतो. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"का, मग काय चुकलं?" मी हळूच विचारलं.

भोयरांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत हसले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं.

माझी तपासायची एक पद्धत होती. आधी सगळ्या पेपरांचं व्याकरण तपासून टाकायचं, कादंबरीचा प्रश्न शेवटी. व्याकरणात डोकं लागत नाही. त्यामुळे मुख्य परीक्षकांनी सकाळी वाटलेली उत्तरांची छापील यादी मी अजून उलटलीसुद्धा नव्हती. आता उलटली. प्रश्न पाचवा, सोळा गुण: कादंबरीतला शेवटचा प्रसंग सांगा आणि त्यावरून वाटाड्याचा स्वभाव कसा दिसतो ते लिहा. खाली उत्तर होतं. वाटाड्या अकरा कुटुंबांना नदीच्या उतारावरून पार करतो. पलीकडच्या काठावर ते त्याला घोंगडी आणि बंदूक देऊ करतात. तो घेत नाही. एक शब्द बोलत नाही. वळतो आणि पाण्यात उतरून परत आपल्या जळालेल्या गावाकडे जातो.

मी ते तीनदा वाचलं. धबधबा नव्हता, गोळी नव्हती, भाषण नव्हतं. 

आता हे कसं झालं ते सांगायला हवं.

मी आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये वैनगंगेपलीकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून लागलो. वय सव्वीस, नोकरी अजून कायम झालेली नाही. अभ्यासक्रमात 'द क्रॉसिंग ॲट विलो बेंड' नावाची कादंबरी होती. दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिका, जंगल, बर्फ, एक म्हातारा लंगडा शिकारी, आणि ज्यांची जमीन गोरे लोक घेत चालले आहेत त्यांच्यातलाच एक वाटाड्या. मुलं तिला नुसतं 'विलो' म्हणायची. अभ्यासक्रमाचं ते शेवटचं वर्ष, म्हणून दुकानदारांनी पुस्तक मागवणं बंद केलेलं. ग्रंथालयात तीन प्रती नोंदलेल्या, कपाटात एकही नाही. नागपूरच्या एका दुकानाला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मी स्वतः ती कादंबरी एम.ए.ला असताना कोणाकडून तरी चार दिवसांसाठी आणली होती, आणि तेवढ्या आठवणीवर मी सप्टेंबर ते जानेवारी शिकवलं. शिकवलं काय, रेटलं.

फेब्रुवारीत एका दुकानात मला त्या कादंबरीवरच्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट दिसली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. शनिवारी वर्गात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर लावला, खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि अडतीस मुलांना पुरा सिनेमा दाखवला. अधूनमधून थांबवून मराठीत समजावून सांगत होतो. पोरं अशी बसली होती की खोकणाऱ्यालासुद्धा बाकीचे गप्प करत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आज आपण शिकवलं.

त्या वर्गात सगुणा नरोटे होती. बाकीची मुलं एकवीस-बावीसची, सगुणा पंचविसाची. कॉलेजपासून दोन तासांवर एका आश्रमशाळेत ती हंगामी शिकवत होती. बाकी सगळे विषय सुटलेले, इंग्रजी राहिलेलं, दोनदा; दोन्ही वेळा पुस्तकाविना, बाहेरून दिलेलं. ही तिसरी आणि शेवटची खेप, कारण पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार आणि राहिलेल्यांना सगळेच विषय नव्यानं द्यावे लागणार. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं, जूनपर्यंत पदवी आण, जागा तुझी. नाही आणली तर दुसरं माणूस येईल. हे तिनंच मला सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, आज शनिवारची रजा का मिळाली याचा खुलासा म्हणून.

सिनेमा संपला, सतरंज्या सोडल्या, उजेड आला. मुलं डोळे चोळत होती. सगुणानं हात वर केला.

"सर, पुस्तकातबी असंच हाये का शेवटी?"

"का गं?"

"नाही, तो माणूस एवढा बोलते म्हणून विचारलं. त्याचं गाव जाळलं ना त्या लोकांनी. मंग त्यांच्याच माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून एवढं चांगलं कसं बोलन तो?"  मुलं तिच्याकडे बघत होती, पण ती बोलायची थांबली नाही. "माझा आजा मोजणीवाल्यांना जंगलातून वाट दाखवत होता, सर. सहा महिने त्यांच्यासंगं फिरला. मंग त्याच मोजणीत आमचं गाव उठलं. साहेब आजाला कंबल द्यायला आला. आजा काहीच नाही बोलला. कंबल नाही घेतला. उठला अन् चालू लागला. असा माणूस बोलत नाही, सर."

मुलं हसली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला तिचा थोडा रागही आला होता. एवढी खटपट करून सिनेमा आणला, मुलं खूश झाली, आणि ही त्यात खोट काढत होती.

"हे तुझ्या आजाचं पुस्तक नाही सगुणा," मी म्हणालो. "सिनेमात आहे तेच पुस्तकात आहे. परीक्षेत तेच लिहायचं."

"हो सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

एवढंच. याच्या पलीकडे काही झालं नाही. पण शिबिरात ती छापील यादी हातात धरून बसलो तेव्हा मला आठवलं की चार दिवसांसाठी आणलेली ती कादंबरी मी पुरी वाचलीच नव्हती. शेवटची साठेक पानं राहिली होती. ज्यानं पुस्तक दिलं तो परत न्यायला आला, आणि मी दिलं. नंतर परीक्षेत त्यावर प्रश्नच आला नाही, म्हणून परत कधी मागितलं नाही. मला शेवट माहीत नव्हता. आणि मी वर्गात छाती काढून सांगितलं होतं.

"दुसऱ्यातही तेच," भोयर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तिसऱ्यातही तेच. लांजेवार, ही गंमत नाही हो. सगळ्या गठ्ठ्यात धबधबा आहे. सगळ्यांनी तेच वाक्य लिहिलंय, ही भूमी तुझीही आहे. हे कॉपीचं काम दिसतं."

मी काही बोलायच्या आत ते गठ्ठा घेऊन उठले आणि मुख्य परीक्षकांच्या टेबलाशी गेले. देवपुजारी मॅडम. वय अठ्ठावन्न, पांढरी साडी, चष्म्याला दोरी. त्यांनी तीस वर्षं ती कादंबरी शिकवली होती. मीही मागोमाग गेलो. पाय आपोआप गेले.

मॅडमनी सात-आठ पेपर उघडले, पाचवा प्रश्न शोधला, बाजूला ठेवले. "सामूहिक कॉपी," त्या म्हणाल्या. "कोणीतरी फळ्यावर उत्तर लिहून दिलंय, आणि तेही चुकीचं. गठ्ठा बांधा. मी अहवाल पाठवते."

अहवाल म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अडतीस जणांचा निकाल राखून ठेवणार, केंद्राची चौकशी, वर्ष गेलं. तिथे मला सगळं सांगता आलं असतं. मॅडम, ही माझी मुलं आहेत, मी सिनेमा दाखवला, मी पुस्तक वाचलेलं नाही. तीन वाक्यं होती. 

"मॅडम," मी म्हणालो, "या कादंबरीवर सिनेमा निघालाय. त्यात वाटाड्या धबधब्यावर मरतो, असं मी ऐकलंय. मुलांनी तो पाहिला असेल."

"अडतीस जणांनी?"

"हल्ली व्हिडिओ असतो ना, मॅडम. गावात कुठे लावला असेल."

त्यांनी चष्मा काढला. "मी पाहिलाय तो सिनेमा. पुस्तकातला म्हातारा लंगडा शिकारी तिथे तिशीतला देखणा गडी झालाय. त्याला एक प्रेयसी दिलीय, ती पुस्तकात कुठेच नाही. पुस्तकभर वाटाड्याला नावसुद्धा नाही, त्याला कोणी नाव विचारतच नाही, हाच तर त्या लेखकाचा मुद्दा. सिनेमात त्याला छान नाव दिलंय आणि मारून टाकलंय. मेला की प्रेक्षक रडून मोकळा. जिवंत परत गेला तर घरी जाऊन विचार करावा लागतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण हे त्या मुलांना कोणी सांगायचं? त्यांच्या शिक्षकानंच ना? हा गठ्ठा वैनगंगेपलीकडचा आहे. लांजेवार, तुमचं कॉलेजही त्याच बाजूचं ना? तुमच्याकडे काय करता?"

भोयर माझ्याकडे बघत होते. पलीकडच्या टेबलावरचे दोघंही बघत होते.

"आमच्याकडे पुस्तक शिकवतो, मॅडम," मी म्हणालो.

हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल याची मोजदाद नाही. कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. नोकरी कायम व्हायची होती, एवढंच.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मग ही कॉपी नाही, अज्ञान आहे. अहवाल नको. पाचव्या प्रश्नाला शून्य द्या आणि पुढे चला."

भोयरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अहवालाची कटकट त्यांनाही नको होती. आम्ही जागेवर आलो. मला वाटलं, चला, वर्ष तर वाचलं. ज्यांचं बाकीचं बरं आहे ते शून्य पचवून निघतील. आणि खरंच, बरेच निघाले. भोयर एकेका पेपरावर पाचव्या प्रश्नापुढे लाल शून्य काढत होते, आणि मी माझ्या गठ्ठ्यातल्या व्याकरणावर डोळे ठेवून त्यांच्या पेनाचा आवाज ऐकत होतो.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ असताना ते थांबले.

"हे बघा बरं."

त्यांनी पेपर माझ्यासमोर सरकवला. अक्षर मोठं, गोल, शाळेत फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं. पाचव्या प्रश्नाखाली आठ-नऊ ओळी लिहिल्या होत्या आणि पट्टी धरून प्रत्येक ओळीवर एक सरळ रेघ मारली होती. त्याखाली परत पाचव्याचा आकडा घालून धबधबा, गोळी आणि भाषण.

खोडलेलं स्वच्छ वाचता येत होतं. इंग्रजी तुटकं होतं, क्रियापदं सगळी चुकलेली. पण लिहिलं होतं असं: तो त्यांना नदीपार नेतो. ते त्याला काहीतरी देतात, तो घेत नाही. तो बोलत नाही, कारण बोलून काही परत येत नाही. तो वळतो आणि आपल्या गावाला जातो, गाव नाही तरी जातो. माझा आजापण बोलला नव्हता.

 समोर सगुणाच उभी असल्यासारखं वाटलं. पुस्तक तिनं पाहिलं नव्हतं, त्याचं कव्हरसुद्धा नाही. मला माहीत नसलेला शेवट तिला माहीत होता, आणि तो तिनं पट्टी धरून खोडला होता.

"आधी बरोबर लिहिलंय पोरीनं," भोयर म्हणाले. "आजा कुठून आला कोण जाणे, पण बरोबर आहे. मग खोडलं काहून?"

मी पेपर उचलला आणि एकटाच मॅडमकडे गेलो.

"मॅडम, हे एक बघा. उत्तर बरोबर आहे. फक्त खोडलंय. एकच रेघ आहे, सगळं वाचता येतंय."

त्यांनी वाचलं. पुरं वाचलं, घाई केली नाही. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत, बोलून काही परत येत नाही, हे मला कोणी लिहून दिलं नाही."

"मग सहा-सात तरी—"

"खोडलेलं तपासायचं नाही, लांजेवार."

"पण मॅडम, रेघ एकच—"

"एक असो की दहा. तिनं हे मागे घेतलंय आणि त्याच्याऐवजी दुसरं दिलंय. मी कोण तिचं मागे घेतलेलं परत आणणारी? आज हिचं वाचलं तर उद्या सगळ्यांचं खोडलेलं वाचावं लागेल." त्यांनी पेपर माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "तुम्ही हिच्यासाठी एवढं का बोलताय? ओळखता का पेपर?"

हो म्हटलं असतं तर? मी आजही तेच करतो, रिकामा बसलो की मनातल्या मनात हो म्हणून बघतो. मॅडमनी मला शिबिरातून काढलं असतं, कॉलेजला पत्र गेलं असतं, माझी नोकरी गेली असती. आणि सगुणाला मार्क मिळाले असते का? कदाचित मिळाले असते. शिक्षकाच्या चुकीची शिक्षा विद्यार्थ्याला नको, असा काही ठराव मॅडमनी करून घेतलाही असता, बाई तशा होत्या. कदाचित काहीच झालं नसतं. मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची संधी होती ती तेवढीच.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "सहज."

त्यांनी पेपर सोडला.

भोयरांनी पाचव्यापुढे शून्य काढलं आणि बेरीज केली. त्यांना बेरीज मोठ्यानं करायची सवय होती. "बारा, एकोणीस, सव्वीस, एकतीस. एकतीस. अरेरे, चारानं गेली बिचारी." मग त्यांनी पेपर पालथा घातला आणि आम्ही जेवायला गेलो. मी वरण-भात घेतला होता, तो तसाच ठेवून उठलो.

शिबिर संपल्यावर मी नागपुरातच सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात शोधलं आणि तासाभरात 'विलो' मिळाली. ऑगस्टपासून मिळत नाही म्हणत होतो ते पुस्तक तासाभरात मिळालं. परतीच्या बसमध्ये राहिलेली पानं वाचली. शेवटचं प्रकरण सहा पानांचं आहे. वाटाड्या पाण्यात उतरतो, म्हातारा शिकारी त्याला हाक मारायला तोंड उघडतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की एवढ्या दिवसांत आपण याचं नावच विचारलं नाही. हाक मारणार तरी काय? तो नुसता काठावर उभा राहतो. मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

निकाल जूनच्या अखेरीस लागला. अडतीसपैकी एकवीस पास. प्राचार्य खूश होते, आदल्या वर्षीपेक्षा सात जास्त. "सिनेमाचा फायदा झाला म्हणायचा," ते म्हणाले.

सगुणा दोन दिवसांनी आली. मी विभागात एकटाच होतो. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. तिच्या हातात गुणपत्रिका होती. ती घडी करून करून लहान केलेली होती. मी बस म्हणालो, ती उभीच राहिली.

"एकतीस पडले, सर."

"पाहिलं मी. वाईट वाटलं."

"शाळेत नवीन बाई आल्या. सोमवारपासून." ती रडत नव्हती. आवाजही साधा होता. "मी नोकरीचं बोलायला नाही आली, सर. एक विचारायला आली."

"विचार ना."

"त्या शेवटच्या प्रश्नाचं. मी आधी दुसरंच लिहिलं होतं. माझ्या मनानं. मंग मले तुमचं आठवलं, सिनेमात हाये तेच पुस्तकात हाये म्हणून. तर मी ते सारं खोडलं आणि तुम्ही सांगितलं तसं लिहिलं." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ते बरं केलं ना, सर? नाहीतर ते सोळा मार्कबी गेले असते."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मला तो उघडायचा होता. पुस्तक काढून शेवटचं पान तिच्या हातात द्यायचं होतं आणि सांगायचं होतं की पोरी, त्या लेखकानं तुझ्या आजाचंच लिहिलंय. पण ते पान वाचलं असतं तर तिला कळलं असतं की तिची नोकरी कोणी घालवली. माझा हात खणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"बरं केलंस," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "म्हणजे माझं इंग्रजीच कच्चं," ती म्हणाली.

  मग तिनं गुणपत्रिका पिशवीत घातली आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. ती मैदान ओलांडून बस स्टँडच्या दिशेनं चालली होती. मला तिचं नाव माहीत होतं, पण हाक मारता आली नाही.